लिनक्सवर केबलचं नेट चालत नाही? नेमकं कुठे अडलंय ते असं शोधा

केबल जोडलेली आहे, राउटर चालू आहे, फोनवर नेट व्यवस्थित आहे, आणि लिनक्सच्या कॉम्प्युटरवर मात्र एकही पान उघडत नाही. अशा वेळी नवीन माणूस हमखास एक गोष्ट करतो: शोधून जी पहिली कमांड सापडेल ती चालवतो. ती चालली नाही की दुसरी, मग तिसरी. तासाभराने मूळ बिघाड तसाच असतो आणि त्यावर चार नव्या सेटिंग्जचा थर चढलेला असतो. मग कोणाला विचारायचं म्हटलं तरी आपण काय काय बदललं हेच आठवत नाही.

म्हणून या लेखात भर दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर आहे. केबलपासून वेबसाइटपर्यंतचा रस्ता ठरलेल्या टप्प्यांनी जातो: केबल, नेटवर्क कार्ड, आयपी पत्ता, राउटर, राउटरपलीकडचं जग आणि शेवटी नावांचा पत्ता लावणारं डीएनएस. खालचा टप्पा तुटला असेल तर वरच्या टप्प्यावर केलेली कोणतीही दुरुस्ती वाया जाते. कुठला टप्पा तुटलाय हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. बहुतेक वेळा ते कळलं की उपाय दोन मिनिटांचा असतो.

कमांडबद्दल आधीच सांगतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. म्हणजे ‘आयपी लिंक’ असं लिहिलं असेल तर आय, पी, मग एक स्पेस, मग लिंक हा इंग्रजी शब्द. जिथे मोठं अक्षर लागतं किंवा स्पेलिंगमध्ये फसायला होतं, तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवं

- दुसरी एक लॅन केबल, जी चालते याची खात्री आहे अशी. ‘बहुधा चालत असावी’ अशी नको.
- फोन आणि त्याची डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल इथे उपयोगी नाही.
- लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता ज्यावरून थेट लिनक्स चालवता येतं असा. ज्यावरून सिस्टीम बसवली तोच असला तरी चालेल.
- सुडोसाठी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्यासाठी, तुमचा पासवर्ड.
- वही किंवा एक टेक्स्ट फाइल. काय पाहिलं आणि काय बदललं ते तिथे लिहायचं.

फोन का, तर नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर किंवा एखादं पॅकेज उतरवायचं कसं, हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. फोन यूएसबीने जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला बहुधा काहीही न बसवता एक वेगळं वायर्ड कार्ड म्हणून दिसतो आणि नेट सुरू होतं. काम झालं की तो काढून टाका, नाहीतर पुढच्या चाचण्यांत नेट फोनमधून येतंय की केबलमधून, हे कळणार नाही.

याच कारणासाठी कॉम्प्युटरचं वाय-फायही तपासणी संपेपर्यंत बंद ठेवा.

## १. केबल आणि पोर्टचे दिवे

कॉम्प्युटरच्या मागे वाका आणि लॅन पोर्ट नीट बघा. बहुतेक पोर्टवर दोन छोटे दिवे असतात. एक जोडणी झाली की लागतो, दुसरा माहितीची ये-जा सुरू असताना लुकलुकतो. राउटरच्या ज्या पोर्टमध्ये केबल गेली आहे त्याचाही दिवा बघा.

दोन्ही टोकांना अंधार असेल तर सॉफ्टवेअरकडे अजून वळायचंच नाही. केबल काढून पुन्हा बसवा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. प्लगची ती प्लॅस्टिकची छोटी जीभ तुटली असेल तर केबल बसल्यासारखी दिसते पण हळूहळू मागे सरकते, आणि नेट येतं-जातं असा भास होतो. मग राउटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा, मग दुसरी केबल. एका वेळी एकच गोष्ट बदला.

राउटरवर एक पोर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो किंवा त्यावर वॅन असं लिहिलेलं असतं. तो बाहेरून येणाऱ्या नेटसाठी आहे. कॉम्प्युटरची केबल त्यात गेली तर दिवा लागेल, पण नेट मिळणार नाही.

## २. लिनक्सला कार्ड दिसतंय का

टर्मिनल उघडा आणि ‘आयपी लिंक’ चालवा. जुन्या लेखांत यासाठी ‘इफकॉन्फिग’ सांगितलेलं असतं. अनेक नव्या वितरणांत (उबंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार संचांत) ते आता आपोआप बसवलेलं नसतं, त्यामुळे ‘कमांड सापडली नाही’ असं आलं तर बिघडलं काहीच नाही.

यादीत ‘एलओ’ नावाचं कार्ड असतंच. ते कॉम्प्युटरचं स्वतःशी बोलण्यासाठी आहे, ते सोडून द्या. तुमचं वायर्ड कार्ड ‘ईएनपी३एस०’ किंवा ‘ईएनओ१’ अशा नावाने दिसेल. पूर्वी सरसकट ‘ईटीएच०’ असायचं. २०१३ पासून सिस्टीमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्यावरून नाव द्यायची पद्धत आणली. पुढे प्रत्येक कमांडमध्ये तुमच्या कार्डाचं नाव घालायचं आहे, ते वहीत लिहून ठेवा.

आता त्या ओळीवर थोडं थांबा, कारण इथे खूप जण फसतात. नावापुढे टोकदार कंसात मोठ्या अक्षरांत काही शब्द असतात आणि त्यात ‘अप’ दिसतं. ‘अप’ आहे म्हणजे जोडणी ठीक आहे असं वाटतं, पण तसं नाही. नुसत्या ‘अप’चा अर्थ एवढाच की लिनक्सने कार्ड चालू केलं आहे. समोरून विजेचा संकेत येतोय की नाही हे ‘लोअर-अप’ या शब्दावरून कळतं. आणि त्याच कंसात ‘नो-कॅरिअर’ दिसत असेल तर केबलच्या पलीकडून काहीही येत नाहीये, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर जायचं. कंसात ‘अप’ मुळीच नसेल तर कार्डच बंद आहे. ‘सुडो आयपी लिंक सेट’, पुढे कार्डाचं नाव, पुढे ‘अप’, असं लिहून ते चालू करा आणि पुन्हा बघा.

यादीत वायर्ड कार्ड नावालाही नसेल तर ‘एलएसपीसीआय डॅश के’ चालवा. इथे ‘एलएसपीसीआय’ ही पाचही अक्षरं सलग. इथरनेट कंट्रोलर अशी ओळ शोधा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून पुढे ड्रायव्हरचं नाव असतं. रिअलटेकच्या नेहमीच्या गिगाबिट कार्डांना ‘आर८१६९’, इंटेलच्या अनेक कार्डांना ‘ई१०००ई’, इंटेलच्या नव्या अडीच गिगाबिटच्या कार्डांना ‘आयजीसी’. यातून तीन शक्यता निघतात:

- कंट्रोलरची ओळ आहे, ड्रायव्हरची नाही. हार्डवेअर नवं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना, असं बहुतेकदा असतं. फोनचं टेदरिंग लावा, सिस्टीम अपडेट करा, शक्य असेल तर नवा कर्नल घ्या.
- कंट्रोलरचीच ओळ नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ऑनबोर्ड लॅन बंद केलेलं आहे का ते बघा. यूएसबीवर चालणारं कार्ड असेल तर ते इथे दिसणारच नाही, ते ‘एलएसयूएसबी’मध्ये शोधा.
- दोन्ही ओळी आहेत, तरी दिवा लागत नाही. त्याच कॉम्प्युटरवर विंडोजही असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कधीकधी कार्ड अर्धवट झोपलेल्या स्थितीत सोडतं. मग कॉम्प्युटर बंद करून वीजपुरवठ्याचा प्लगच काढा, थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करा.

याच टप्प्यावर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून बघणं मला सगळ्यात फायद्याचं वाटतं. लाइव्हमध्ये नेट चाललं तर केबल, कार्ड आणि राउटर तिन्ही निर्दोष आहेत आणि दोष बसवलेल्या सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आहे. लाइव्हमध्येही चाललं नाही तर सिस्टीममधल्या फाइली चिवडण्यात अर्थ नाही. एका चाचणीत निम्मा प्रश्न सुटतो, आणि तरी लोक ती अगदी शेवटी करतात.

## ३. नेटवर्क मॅनेजर काय म्हणतोय

डेस्कटॉपच्या बहुतेक वितरणांत जोडणीचा कारभार नेटवर्क मॅनेजर सांभाळतो. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ चालवा. तुमच्या कार्डासमोर एक शब्द येईल.

‘कनेक्टेड’ असेल तर पुढच्या पायरीवर जा. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे बहुधा केबलचा संकेत नाही. ‘कनेक्टिंग’वरच अडकून राहिलं असेल तर राउटरकडून पत्ता येत नाहीये, त्यासाठी चौथी पायरी आहे.

‘अनमॅनेज्ड’ म्हणजे नेटवर्क मॅनेजरला या कार्डाला हात लावायला मनाई आहे. डेबियनवर याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरातली ‘इंटरफेसेस’ ही फाइल. तिथे कार्डाचं नाव लिहिलेलं असलं की नेटवर्क मॅनेजर ते सोडून देतो. फाइलची एक प्रत ठेवा, तुमच्या कार्डाच्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, ‘एलओ’च्या ओळी तशाच राहू द्या आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

‘डिसकनेक्टेड’ दिसत असेल तर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट’ आणि पुढे कार्डाचं नाव. एवढ्याने जोडलं जात नसेल तर प्रोफाइल, म्हणजे त्या जोडणीच्या साठवलेल्या सेटिंग्ज, तपासा. नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली की मदरबोर्डवरचा क्रम बदलू शकतो आणि कालचं ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होतं. जुनं प्रोफाइल जुन्याच नावाला बांधलेलं असेल तर ते लागू पडत नाही. नेट गेलं म्हणून ग्राफिक्स कार्डावर कोणाचा संशय जात नाही, त्यामुळे हा घोटाळा लवकर सापडत नाही. सेटिंग्जमध्ये नवं वायर्ड प्रोफाइल बनवा, ते चाललं की जुनं काढा.

आणि एक कळकळीची विनंती: नेट नसताना नेटवर्क मॅनेजर काढून पुन्हा बसवायचा सल्ला ऐकू नका. काढता येतो, पण नेटशिवाय तो परत बसवणार कुठून?

## ४. पत्ता मिळाला का

‘आयपी ए’ चालवा आणि आपल्या कार्डाखाली ‘आयनेट’ने सुरू होणारी ओळ शोधा. घरच्या राउटरकडून मिळालेला पत्ता बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एखाद्याने.

‘आयनेट६’ आणि पुढे ‘एफई८०’ अशी ओळ दिसली म्हणून पत्ता मिळाला असं समजू नका. तो पत्ता कार्ड स्वतःच तयार करतं, त्यात राउटरचा काहीच वाटा नसतो. तसंच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. काही सिस्टीमवर असा पत्ता दिसतो, काहींवर जागा रिकामीच राहते. अर्थ एकच: डीएचसीपीचं, म्हणजे राउटरने आपोआप पत्ता वाटण्याचं, काम झालेलं नाही.

तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावा. त्यालाही पत्ता मिळत नसेल तर दोष राउटरकडे आहे. तो बंद करून पुन्हा सुरू करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी चालू आहे का बघा. लॅपटॉपला मिळतो पण तुमच्या कॉम्प्युटरला नाही, तर प्रोफाइलमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर ‘मॅन्युअल’ निवडलंय का ते पाहा. कधीतरी हाताने घातलेला पत्ता राउटर बदलल्यावर निरुपयोगी होतो, पण प्रोफाइलमध्ये मुक्काम ठोकून असतो. तिथे ‘ऑटोमॅटिक’ करा आणि जोडणी एकदा बंद करून चालू करा.

राउटर नसून केबल थेट मोडेममध्ये असेल तर वेगळी गोष्ट. काही मोडेम पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवतात आणि दुसऱ्याला दाद देत नाहीत. मोडेम काही मिनिटं पूर्ण बंद ठेवून सुरू केला की नव्या यंत्राला पत्ता मिळतो.

घरात जुना राउटर नुसता जास्तीच्या पोर्टसाठी जोडला असेल तर त्याचं डीएचसीपी बंद असायला हवं. नाहीतर दोन राउटर पत्ते वाटू लागतात, ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता लागतो, आणि नेट कधी चालतं कधी नाही.

## ५. राउटरपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे

‘आयपी रूट’ चालवा. ‘डीफॉल्ट व्हाया’ अशी ओळ हवी आणि त्यापुढे राउटरचा पत्ता. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. आता ‘पिंग डॅश सी ४’ आणि पुढे तो पत्ता. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. ‘डॅश सी ४’ विसरलात तर लिनक्सचं पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

राउटरने उत्तर दिलं की तसंच १.१.१.१ ला पिंग करा. हा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस आहे. गुगलचा ८.८.८.८ घेतलात तरी चालेल. मग शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला.

पिंग अडलं तर तो काय संदेश देतो ते अक्षरशः वाचा. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे बाहेर जायचा रस्ताच माहीत नाही, डीफॉल्टची ओळ गायब आहे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि ते तुमच्याच पत्त्यावरून आलेलं, म्हणजे रस्ता माहीत आहे पण राउटर हाकेला ओ देत नाही. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे नावाचा पत्ता लागला नाही. तिन्ही संदेशांना लोक ‘नेट नाही’ म्हणून एकाच टोपलीत टाकतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

राउटर उत्तर देतो पण १.१.१.१ देत नाही, आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांवरही नेट नाही, तर तुमच्या लिनक्सचा दोष नाही. नेट पुरवणाऱ्याला फोन करा. बाकी सगळीकडे चालतंय आणि फक्त इथेच नाही, तर व्हीपीएनचे अवशेष शोधा. ‘आयपी लिंक’मध्ये ‘टीयूएन०’ किंवा ‘डब्ल्यूजी०’ असं काही दिसतंय का? काही व्हीपीएन बंद पडले तरी बाकीची वाट मुद्दाम अडवून ठेवतात. ते अॅप उघडून त्यातलं किल-स्विच बंद करा.

## ६. आकड्यांना उत्तर मिळतं, नावांना नाही

१.१.१.१ ला उत्तर येतंय आणि वेबसाइटच्या नावाला नाही, म्हणजे फक्त डीएनएस अडलंय. हा प्रकार फार वेळा दिसतो आणि त्याचा चुकीचा उपायही तितक्याच वेळा सांगितला जातो: ‘ईटीसी’मधली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल उघडा आणि त्यात ८.८.८.८ लिहा. लिहिलं की लगेच चालतं, म्हणून विश्वास बसतो. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की बदल गेलेला असतो, कारण ती फाइल बहुतेक सिस्टीमवर नेटवर्क मॅनेजर किंवा सिस्टीमडी पुन्हा लिहितो. त्या फाइलीत १२७.०.०.५३ दिसलं तरी ते चूक समजू नका. तो सिस्टीमडीचा स्थानिक मदतनीस आहे.

बदल प्रोफाइलमध्ये करा. वायर्ड जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ चं पान, तिथे डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि १.१.१.१ किंवा ९.९.९.९ (हाही सार्वजनिक डीएनएस) लिहा. जोडणी बंद करून चालू करा. सिस्टीमडी वापरणाऱ्या वितरणांत ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने कोणता डीएनएस खरोखर लागू आहे ते दिसतं. स्पेलिंगची गंमत लक्षात ठेवा: या कमांडमध्ये ‘रिझॉल्व्ह’च्या शेवटी ई आहे, फाइलीच्या नावात नाही.

## ७. नेट आहे, पण धड नाही

वेग कमी आहे. ‘सुडो ईटीएचटूल’ आणि पुढे कार्डाचं नाव. ‘स्पीड’च्या ओळीत १००० हवं तिथे १०० दिसलं तर आधी केबल बदला. १०० मेगाबिटला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही, म्हणजे आठच्या आठ तारा. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की बहुधा जोडणी तुटत नाही, मुकाट्याने १०० वर उतरते. केबल ‘कॅट ५ई’ किंवा त्यावरची असावी. ‘डुप्लेक्स’समोर ‘हाफ’ दिसलं तर दोनांपैकी एका टोकाला कोणीतरी वेग हाताने बांधून ठेवला आहे. दोन्हीकडे ऑटो करा.

मधूनच तुटतं. ‘सुडो जर्नलसीटीएल डॅश के’मध्ये ‘लिंक इज डाउन’, ‘लिंक इज अप’ अशा ओळींची माळ लागलेली असेल तर केबल, पोर्ट, प्लग याच क्रमाने बदलून बघा.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात. इथे एमटीयूचा, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या कमाल आकाराचा, संशय घ्या. साध्या इथरनेटवर तो १५०० असतो, युजरनेम-पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या पीपीपीओई जोडणीवर १४९२, कारण आठ बाइट त्या जोडणीच्या स्वतःच्या मजकुरात जातात. ‘पिंग डॅश एम डू डॅश एस १४७२ १.१.१.१’ चालवा, यातला एम मोठा. ‘सी ४’ही जोडा. मग १४७२ च्या जागी १४६४ घाला. पिंगचा स्वतःचा मजकूर २८ बाइटचा, तो मिळवला की १५०० आणि १४९२ होतात. मोठ्याला उत्तर नाही आणि लहानाला आहे, तर प्रोफाइलमध्ये एमटीयू १४९२ करा.

प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा येतो. घड्याळ बघा. तारीख चुकली की प्रमाणपत्रं अवैध ठरतात. दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे.

## ८. तरीही सुटलं नाही तर विचारताना

‘नेट चालत नाही, मदत करा’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. वितरणाचं नाव आणि आवृत्ती, ‘आयपी ए’, ‘आयपी रूट’, ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ आणि ‘एलएसपीसीआय डॅश के’मधला इथरनेटचा भाग, तिन्ही पिंगचे निकाल, आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं ते द्या. कमांडच्या शेवटी ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की उत्तर त्या फाइलीत जातं, पेनड्राइव्हवरून फोनकडे नेता येतं. पडद्याचा फोटो काढण्यापेक्षा हे बरं, कारण मजकुरातलं नाव वाचणाऱ्याला जसंच्या तसं शोधता येतं.

पासवर्ड आणि पीपीपीओईचं युजरनेम काढून टाका. मॅक पत्ता झाकलात तरी चालेल. १९२.१६८ चा घरातला पत्ता मात्र झाकू नका. तो बाहेरून कोणाला वापरता येत नाही, आणि तुमचा पत्ता व राउटरचा पत्ता एकाच रांगेत आहेत का, हे मदत करणारा सगळ्यात आधी तिथेच बघतो.